भीतीचा तास

बाई हयात आहेत. हे आधीच सांगितलेले बरे. वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाने कुणाबद्दल 'होत्या', 'असत' असे लिहायला घेतले की ओळखीचे लोक फोन करून विचारतात, कधी झाले? काही झालेले नाही. मी त्यांच्या घरी आता राहत नाही, म्हणून भूतकाळ. एवढेच.

घर नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, दुमजली. खाली बाई, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू. बाई मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्या होत्या. कबड्डीचा संघही त्यांच्याकडेच असे. सगळा ले-आऊट त्यांना पीटीबाई म्हणे. सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कापलेले केस आणि गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळे सामान शाळेत जमा केले, शिट्टी केली नाही. मुख्याध्यापकांनी आठवण केली तेव्हा म्हणाल्या, "तोंडाले लागलेली वस्तू वापस देत नसते."

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, अंडी-मटणाचे विचारले नाही. पायरीवर उन्हात उभे करून एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही घरात एकटे आहा. आतल्या खोलीत काहीतरी वाजलं. दार उघडान का बाहेरून कडी लावान?"

मी म्हणालो, आधी कोण आहे ते विचारीन.

"विचारल्यावर आतलं नाव सांगते का? पेपरवाले दिसता."

होतो. खोली मिळाली. त्या दिवसापासून त्या मला 'बातमी' म्हणू लागल्या. "काय गा बातमी, जेवला का?"

मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी असे आणि मंगळवारी दुपारी बाईंच्या पुढच्या खोलीत 'तास' असे. शब्द शाळेतला. शाळेत गणिताचा तास, इतिहासाचा तास. इथे भीतीचा तास. एका मंगळवारी जुना भयपट, पुढच्या मंगळवारी मारधाडीच्या कुठल्याशा मालिकेचा दुसरा, चौथा किंवा सातवा भाग. पहिला भाग बाई कधी लावत नसत. "पहिला भाग कोनीही काढते. नशीब असलं तं चालते बी. दुसऱ्यात समजते, गड्यात दम आहे का नाही ते."

तासाला माझ्याखेरीज दोघे नियमित. एक गणिताचे सर. बाईंच्याच शाळेतून निवृत्त झालेले, हाफ शर्टाच्या खिशाला दोन पेन. त्यांचे मत असे की भयपट तेवढा चित्रपट. बाकी सगळी आतषबाजी. दुसऱ्या मेसवाल्या ताई. मूळच्या नागपूरजवळच्या कुहीकडच्या, मागच्या गल्लीत विद्यार्थ्यांची खाणावळ चालवत. दुपारची पंगत उठली आणि संध्याकाळची कणीक भिजवायची राहिली की मधल्या वेळात येत. त्यांचा जीव मारधाडीवर. भयपटाच्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसत आणि दर थोड्या वेळाने विचारत, "गेलं का ते?"

"कोन?"

"जे काही असन ते."

"नाही गेलं. तुह्याच मागं उभं आहे वं."

लसूण सांडे.

भयपट दिवसाउजेडी पाहायचा हा बाईंचा पहिला नियम. खिडक्या उघड्या, पडदे बांधलेले, अंगणात एप्रिलचे ऊन. पाहुणे गोंधळत. भुताचा चित्रपट आणि असा उजेड? बाई ऐकून घेत नसत. "अंधारात तं कोनीही भेते. गाय बी भेते. उजेडात भेववून दाखवते त्याले कारागीर म्हनते." दुसरा नियम कूलरचा. गोष्ट रंगात आली की कूलर बंद. पाण्याच्या घरघरीत दार करकरलेले ऐकू येत नाही. मग घाम गळत असे आणि कुणी पुसत नसे, कारण हात हलवला तर शेजारचा दचके.

तिसरा नियम शिट्टीचा. जुन्या चित्रपटातला दिग्दर्शक भुताचा चेहरा दाखवण्याची चूक करी, तेव्हा बाई शिट्टी फुंकत. "फाउल! दाखवलं का संपलं. आता तो रंग लावलेला मानूस झाला. त्याले घरी पोट्टे असन." नायिका मेणबत्ती घेऊन तळघरात एकटी निघाली की पुन्हा शिट्टी. चित्रपट थांबवला जाई आणि प्रश्न फिरे: तुम्ही असता तर काय केले असते? सर म्हणत, पोलिसांना कळवले असते. ताई म्हणत, मी त्या घरात लग्न करूनच गेली नसती. बाई दोघांनाही नापास करत. त्यांचे उत्तर ठरलेले असे: "मी खाली जाईन. पन मेणबत्ती नाही नेनार. मेणबत्तीनं त्याले आपन दिसतो, आपल्याले तो दिसत नाही."

खरा वाद पेटे तो मालिकांवर. त्या काळात एका टकल्या कमांडोची मालिका जोरात होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो धबधब्यावरून कोसळला. चौथ्या भागाच्या सुरुवातीला तो मोटारसायकलवर होता. सरांनी हे मनाला लावून घेतले.

"तो पडला. मी पाह्यलं, तुम्ही पाह्यलं, ताईनं पाह्यलं. खाली खडक होते."

"पडला तं पडला. बाद झाला," बाई म्हणाल्या.

"बाद नाही बाई, मेला!"

"मंग कबड्डीत काय म्हनते? गडी मेला, असंच म्हनते ना? मेला का लाइनीबाहेर जाऊन बसते. आपल्या मानसानं समोरचा मारला का आपला मेलेला जिवंत होऊन आत येते. नियम आहे. त्यात कोनाले लाज वाटाचं काय काम?"

"कबड्डी खेळ आहे."

"अन् हे काय आहे? रिझर्व्ह बँक?"

सरांनी खिशातले पेन काढले, पुन्हा ठेवले. "ठीक आहे. तुमचा नियम मान्य. मंग व्हिलन काहून जिवंत होत नाही?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित असावा. "त्याच्या टीममंधी मारनारा कोन उरला? सगळेच लाइनीबाहेर. त्याले जिवंत करन कोन, तुम्ही?"

मेसवाल्या ताईंनी टाळी वाजवली. "सर, तुम्हाले तो टकला आवडत नाही. म्हनून तुम्हीच त्याले मारून राहिले."

पाचवा भाग आला तेव्हा आम्ही चौघे मॉलमधल्या चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला गेलो. पडलेल्या खलनायकाकडे पाठ करून कमांडो चालू लागला आणि बाईंनी शिट्टी फुंकली. कबड्डीच्या मैदानावरची शिट्टी, बंद सभागृहात. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या हातातले मक्याचे दाणे त्यांच्याच मांडीवर उडाले. टॉर्च घेऊन कर्मचारी आला.

"मॅडम, शिट्टी नाही वाजवता येत इथं."

"काहून? पहिले टॉकीजमंधी पोट्टे वाजवत तं चालत होती."

"ते तोंडानं वाजवत मॅडम."

"मी काय पायानं वाजवून राहिली?"

त्याने टॉर्च बंद केला. पडद्यावर खलनायक उठून कमांडोच्या पाठीत चाकू खुपसत होता. बाईंनी कर्मचाऱ्याला ते बोटाने दाखवले. "पाह्य, सांगत होती ना, पाठ नाही करायची." कर्मचारी तो प्रसंग संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

बाईंचे पती रेल्वेत होते. मी राहायला येण्याच्या बऱ्याच आधी वारले. मुलगा एकच, पुण्यात अभियंता. तिकडे राहून त्याच्या बोलण्यातला '-ले' गेला होता आणि 'ला' आला होता. आईशीही तो पुणेरी बोले. बाईंना ते खुपत असे, पण त्या ते विनोदावर नेत. "माहा पोट्टा डबिंगमंधी बोलते."

बाईंच्या छातीत दुखले ते एका सकाळी तांदूळ निवडताना. टीव्ही बंद होता. मी आणि ताईंनी त्यांना रुग्णालयात नेले. रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. मुलगा त्याच दिवशी पुण्याहून निघाला आणि आईच्या उशाशी बसला. घरी सोडताना डॉक्टर जे बोलले ते मी तिथे उभा राहून ऐकले. ते म्हणाले, "उत्तेजना टाळा." बाईंनी विचारले, "उत्तेजना म्हंजे? पिक्चर का?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "जे झेपेल ते करा." पुढे कित्येक दिवस मुलगा पहिले वाक्य सांगत राहिला, आई दुसरे. दोघांचेही उद्धरण अचूक होते.

जाण्याआधी मुलाने तीन गोष्टी केल्या. गोळ्यांचा डबा भरला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. आणि टीव्ही नीट करून देतो म्हणाला. मग वर येऊन मला म्हणाला, "तुम्ही घरातच असता. आई काय करते, काय पाहते, मला कळवत जाल का? ती स्वतः सांगणार नाही."

मी खाली जाऊन बाईंना हे सांगितले. बाई गोळ्या घेत होत्या. "दे ना. बातमी आहे तू, बातमी दे. पन दोन्ही बाजू छाप. आई म्हनते ते बी."

बंदीचा शोध पहिल्या मंगळवारी लागला. सर आले, ताई आल्या, कूलर बंद झाला. बाईंनी टीव्ही लावला तर पडद्यावर गाजरे मोजणारा एक ससा. बटणे दाबली, ससाच. वरच्या कोपऱ्यात एक हसरा गोल चेहरा आणि त्याखाली एक शब्द. बाईंनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा सर! पोट्ट्यानं माह्या नावाचं वेगळं केलं. माह्या बोलीत लिहिलं. 'मले'." मग जवळ जाऊन, "पन मच्या खाली उकार काहून देला यानं? पुण्यात राहून शुद्धलेखन गेलं वाटते."

पडद्यावर 'मुले' असे लिहिले होते.

सरांना कळले. मलाही कळले. बाईंनी आनंदातच मुलाला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. "काय बाबू, मायच्या बोलीत लिहाले लागला तू? 'मले' लिहिलं, पन एक चूक केली."

"आई, ते 'मुले' आहे. म्हणजे लहान मुलांसाठीचं. त्यात त्रासदायक काही लागत नाही. बाकीच्याला मी कुलूप घातलंय. नंबर माझ्याकडे आहे. तुझ्यासाठीच केलं गं."

"माह्यासाठी?"

"डॉक्टर म्हणाले ना, उत्तेजना टाळा."

"मले दुखलं ते तांदूळ निवडताना. तांदळाले नाही घातलं कुलूप तू."

"आई, वाद नको. आणि हे बघ, पुन्हा काही झालं तर मी तुला तिथे ठेवणार नाही. सरळ पुण्याला आणीन. घर बंद करू."

फोन संपला. ससा गाजरे मोजत होता. ताई म्हणाल्या, "बाई, कोनाचं तरी पोट्टं बोलावतो, खोलून देते मिनटात." मी माझा लॅपटॉप आणतो म्हणालो. बाईंनी दोघांनाही हात वर करून थांबवले.

"चोरून नाही पाह्यत मी. माहं घर, माहा टीव्ही. ज्यानं कुलूप घातलं त्यानंच येऊन काढलं पाह्यजे. अन् नंबर मी मांगनार नाही. मांगितला तं त्याचं कुलूप मान्य केल्यासारखं होते."

"तोपर्यंत काय करायचं?" सरांनी विचारले.

"तास होईन. तास कधी बुडवला मी?"

आणि तास झाला. सशाचा आवाज बंद करून, टीव्ही तसाच चालू ठेवून, बाईंनी त्याच्यापुढे उभ्या राहून एक जुना भयपट सांगायला सुरुवात केली. कॅनव्हासचे बूट काढून अनवाणी पावलांचा आवाज केला. कपाटाचे दार हळूहळू उघडले. नायिका, तिचा नवरा, म्हातारा माळी आणि माळ्याने पुरलेले जे काही होते ते, सगळे बाई झाल्या. मागे सशाच्या वर तो गोल चेहरा हसत होता. आजवर पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटापेक्षा ते भीतीदायक होते, असे सर नंतर जिन्यात म्हणाले. आणि चित्रपटांच्या बाबतीत सर सहसा काही मान्य करत नसत.

असे काही मंगळवार गेले. मुलगा दर आठवड्याला मला फोन करी. मी जे घडले ते सांगे: टीव्हीवर ससा असतो, औषधे वेळेवर घेतात, तब्येत बरी आहे, गोष्टी सांगतात. तो म्हणे, "गोष्टी सांगते, छान." कसल्या ते त्याने विचारले नाही, पण मी सांगितले. त्याला ती थट्टा वाटली असावी.

मग तो मंगळवार आला. बाई विहिरीची गोष्ट सांगत होत्या. बादली वर येते आहे, दोर जड लागतो आहे. ताई नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून होत्या. बाईंनी मागून जाऊन ओल्या हाताने त्यांच्या मानेला स्पर्श केला. ताईंची किंकाळी चौकापर्यंत गेली. लसणाची परात, परातीवरचा चाकू, सगळे फरशीवर. समोरच्या घरातले काका धावत आले, तर त्यांना दिसले ते असे: खुर्चीत बसलेल्या बाई, छातीशी हात, डोळ्यांत पाणी. खरे तर त्या हसत होत्या. हसून हसून दम लागला होता. काकांनी चांगल्या मनाने पुण्याला फोन केला.

मुलगा आला तो दोघांची परतीची तिकिटे घेऊनच. आवाज चढवला नाही. पुढच्या खोलीत बसून शांतपणे सांगितले की उद्या निघायचे. कपडे भर, बाकी नंतर पाहू. मी, सर आणि ताई उठून जाऊ लागलो. बाईंनी बसवले. "बसा. माह्या मागं चर्चा करान, त्याच्यापेक्षा समोर ऐका."

"आई, मी थकलोय. फोन वाजला की मी मीटिंग सोडून बाहेर पळतो. तू तिकडे चल. तुला काय कमी आहे तिथे?"

"तिथं मी कोन आहे?"

"माझी आई आहेस."

"ते इथं बी आहे. इथं मी पीटीबाई बी आहे."

बाईंनी गळ्यातली शिट्टी मागे टाकली आणि साडीचा पदर खोचला. मैदानावर खेळाडू बदलण्याआधी त्या असेच करत असाव्यात.

"ठीक आहे. तुहं म्हननं आहे का पिक्चरनं माहं हृदय बंद पडन. मंग पाहू ना. आत्ता. एक पिक्चर तुह्यासमोर पाह्यतो. तू माही नाडी धर, मी तुही धरतो. मले झेपलं नाही, तं उद्या तुह्यासंग येतो, एक शब्द बोलनार नाही. झेपलं तं तिकीट एकाचंच वापर."

"हा काय पोरखेळ आहे?"

"मुलांमंधी तूच टाकलं मले."

सरांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवले. पंच म्हणून त्यांना कुणी नेमले नव्हते. मुलाने रिमोट घेऊन स्वतःच आकडे दाबले. ससा गेला.

बाईंनी निवडलेला चित्रपट जुना, कृष्णधवल. डोंगरावरच्या एका बंगल्यात सगळी दारे आपोआप लागतात. एक बाई ती एकेक करून उघडत वर जात राहते, एवढीच गोष्ट. दारे कोण लावते ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. खिडक्या उघड्या होत्या, कूलर बंद. मायलेक सोफ्यावर शेजारी, एकमेकांचे मनगट धरून. दुरून पाहणाऱ्याला भांडण वाटले नसते.

पहिले दार धाडकन लागले. मुलगा सरसावून बसला. "वाढली. आई, तुझी नाडी वाढली. मी बंद करतो."

"वाढली तं. वाढनारच. नाही वाढली तं डॉक्टरले बोलाव. मैदानावर धावल्यावर पोरींची वाढत नव्हती का? थांब. खाली येते का नाही ते पाह्य."

सर घड्याळाकडे पाहत होते. पडद्यावरची बाई भिंतीला टेकून उभी राहिली, श्वास घेतला. सोफ्यावरच्या बाईंनीही घेतला. मुलाची बोटे मनगटावर तशीच होती. थोड्या वेळाने त्याच्या खांद्यांचा ताण सैल झाला. "आली खाली," तो म्हणाला. कुणी विचारले नव्हते.

दुसरे दार, तिसरे दार. वाढली, उतरली. ताईंनी भयपटाला पहिल्यांदाच भिंतीकडे पाठ केली होती. मात्र त्या पाहत होत्या टीव्हीकडे नव्हे, सोफ्याकडे.

मग जिन्याचा प्रसंग आला. रिकामा जिना. कुणी नाही, आवाज नाही, संगीत नाही. बाईंनी मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. काही क्षण तसेच गेले. मग त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "जिन्यावर तं कोनीच नाही. तुही नाडी काहून पळून राहिली?"

मुलाने मान पडद्याकडे वळवली.

"फास्ट चालून राहिली बाबू. माह्यापेक्षा फास्ट. काय दिसलं तुले?"

"काही नाही."

"तासाले खोटं चालत नाही."

"तू डोळे मिटलेस," तो म्हणाला. "मला वाटलं... मला वाटलं, गेलीस."

बाईंनी डोळे उघडले. चित्रपट चालूच होता. त्यांनी थांबवला नाही.

"म्हंजे पिक्चर तू पाहूनच नाही राहिला. मले पाहून राहिला."

"हो."

"कवापासून?"

"दवाखान्यापासून."

बाई बोलल्या तेव्हा आवाज मैदानावरचा नव्हता, पण नरमही नव्हता.

"लहानपनी तुले टॉकीजमंधी नेत होती मी. तू भेत होता. दोन्ही हातांनी डोळे झाकत होता. मी कधी म्हनलं का, हात काढ?"

"नाही."

"माह्या हातानं तरी झाकले का कधी तुहे डोळे?"

"नाही."

"मंग माहे काहून झाकतं तू? हे भेव तुहं आहे. मी मरीन, त्याचं. ते खोटं नाही, मी मरीन. पाहावत नसन तं हात ठेव आपल्या डोळ्यावर, मी काही नाही म्हननार. पन आपल्या. माह्या डोळ्यावरचा हात काढ."

सरांनी मांडीवरचे घड्याळ उचलून मनगटावर बांधले. मुलाने आईचे मनगट सोडले नाही. दुसऱ्या हाताने रिमोट उचलला. ताईंना वाटले, बंद करतो. मलाही तसेच वाटले. त्याने चित्रपट मागे घेतला आणि जिन्याच्या सुरुवातीला आणून सोडला.

"हे मी पाहिलंच नाही," तो म्हणाला.

चित्रपट शेवटपर्यंत पाहिला गेला. शेवटच्या दाराला तो ओरडला, बाई ओरडल्या नाहीत. कोण जिंकले हे कुणी जाहीर केले नाही. ताई कणीक भिजवायला गेल्या, सर चप्पल शोधू लागले. मुलाने खिशातून फोन काढून एक तिकीट रद्द केले. मग तो टीव्हीपुढे मांडी घालून बसला आणि सेटिंग उघडली. पडद्यावर वयाची यादी आली. सात, तेरा, सोळा, अठरा.

"आई, कुठपर्यंत खुलं ठेवू?"

"काय काय आहे त्याच्यात?"

"अठराच्या वर काही नाही. ते शेवटचं."

"अठरा शेवटचं?" बाईंनी चष्मा सारखा केला आणि पडदा वाचला. "त्याच्या वरचं भेव त्यायले माहीतच नाही वाटते अजून. टाक अठरा. वरचं मी पाहून घेतो."